खातरजमा

वरच्या खोलीत हेंद्रिका राहते, अँटवर्पच्या एका मासिकाची.
भाडं एक तारखेला, पाकिटात, सुट्ट्यांसकट.
खणभागात सगळे तिला इंदिरका म्हणतात,
दूधवाला नुसतंच मॅडम.
मी काहीच म्हणत नाही. जिन्यात भेटली की
"झालं का जेवण?" विचारतो,
आणि ती वहीत आठवून म्हणते, "होतंय."
ते चूक नाही. एकतीस वर्षं
गणपती पेठेतल्या छापखान्यात प्रुफं वाचली मी,
चूक कशाला म्हणायचं ते कळतं.

सकाळी ती मार्केट यार्डात जाते, हळदीच्या सौद्यांना.
दुपारी परतते ती भुवयांपर्यंत पिवळी.
हात धुते, आणि कुणाची तरी हळद उतरावी
तसं मोरीतून पाणी जातं.
तिच्या लॅपटॉपची ठरावीकच बटणं पिवळी पडलीत.
त्यावरून मी ताडतो, तिच्या भाषेला काय जास्त लागतं.
आमच्याकडे 'र'चा खण आधी रिकामा व्हायचा.
हे सांगितलं, तर तेही लिहून घेतलं.

पुराची रेघ तिने टेपने मोजली.
मी म्हणालो होतो, पुरुषभर पाणी.
टेप म्हणाली, चार फूट दोन इंच.
"पुरुष बसलेला होता," मी म्हणालो.
तिला हसू आलं ते
जिन्याच्या वरच्या पायरीवर पोचल्यावर.

रात्री संपादकाचा फोन. तिकडे अजून ऊन असतं.
भाषा मला कळत नाही,
पण "शब्द कमी कर" कुठल्याही भाषेत ओळखू येतं:
माणूस आधी गप्प होतो, मग चालायला लागतो.
सहा पावलं खिडकीकडे, सहा दाराकडे.
मी खाली अंथरुणात मोजतो.
कधी त्यानंतर आईशी बोलते.
तेव्हा आवाज निराळाच, आठ पॉइंटातला,
तळटीपेसारखा.

परवा फोन मला आला.
मासिकातलाच कुणी पोरगा, इंग्रजीत, अदबीने.
हिने लिहिलेलं खरं आहे का, एवढं विचारणं
हेच त्याचं काम.
म्हणजे आमच्याच बिरादरीतला. मी सावरून बसलो.

आपण निवृत्त आहात? आहे.
छापखाना बंद पडला? पडला. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात.
आपल्या स्टुलाचा एक पाय तोकडा आहे,
खाली कागदाची घडी आहे?
वाकून पाहिलं. आहे.
पत्नीचं नाव शरयू? होतं. आहे. शरयूच.
त्या मूळ प्रत मोठ्याने वाचत आणि आपण प्रूफ तपासत असा?
हो. घरी आणलेलं काम. रात्री, भांडी झाल्यावर.
विरामचिन्हंसुद्धा म्हणून दाखवायची ती,
पदर खोचून, हेडमास्तरणीसारखी.

मग तो जरा अडखळला.
इथे लिहिलंय की अजूनही पेपर वाचताना
आपण स्वल्पविराम तोंडाने म्हणता.
हे बरोबर आहे?

हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.
मला कुणी सांगितलं नव्हतं.
म्हटलं, थांबा.
रिसीव्हर गादीवर ठेवला, चष्मा लावला,
सकाळचा पेपर उघडला. पाणीपुरवठ्याची बातमी.
शामरावनगर स्वल्पविराम विश्रामबाग स्वल्पविराम
कुपवाड आणि
तिथेच थांबलो.
वरची पावलंही थांबलेली होती.

खोडलेलं पुन्हा हवं असलं
तर शब्दाखाली टिंबं देतात
आणि समासात लिहितात, ठेवा.
तेवढंच सांगितलं त्याला.
स्पेलिंग मात्र दोनदा विचारलं त्याने, शरयूचं.
दोनदा सांगितलं.

सोमवारी सुतार येणार होता, स्टुलासाठी.
त्याला कळवलं,
अंक निघेपर्यंत थांब.